दिवाळी अंकाची जुळणी ब्राउझरमधून : स्क्रायबस सर्व्हरवर ठेवण्याचं एक प्रकरण

१४४ पानांचा दिवाळी अंक, म्हणजे १६ पानी नऊ फर्मे. मांडणी करणारा पुण्यात, संपादक नाशिकला, मुद्रितशोधक नागपुरात आणि अनुवादांचा विभाग पाहणाऱ्या पाहुण्या संपादक न्यू जर्सीत. पानांची जुळणी स्क्रायबस या मुक्त प्रोग्राममध्ये. चौघांकडे चार तऱ्हेची यंत्रं आहेत : विंडोजचा लॅपटॉप, मॅक, जुनी उबंटू बसवलेला संगणक आणि क्रोमबुक. क्रोमबुकवर स्क्रायबस सहजासहजी बसत नाही. उरलेल्या तिघांकडे बसतो, पण खरी अडचण तिथूनच सुरू होते.

स्क्रायबसची फाईल फॉन्ट पोटात घेऊन फिरत नाही, ती फक्त फॉन्टचं नाव लक्षात ठेवते. नाशिकच्या मॅकवर तो फॉन्ट नसेल तर फाईल उघडताना बदली फॉन्ट विचारला जातो. घाईत काहीतरी निवडलं की प्रत्येक ओळीची लांबी बदलते आणि चौथ्या पानावर संपणारी कथा पाचव्यावर सांडते. आवृत्त्यांचाही घोळ आहेच. १.६ मध्ये जतन केलेली फाईल १.४ मध्ये उघडत नाही. देवनागरीची जोडाक्षरं नीट बसवणारी मजकूर-व्यवस्था स्क्रायबसमध्ये १.५.३ पासून, म्हणजे २०१७ पासून आली, त्यामुळे जुन्या उबंटूवरचा १.४ तसाही मराठीसाठी निरुपयोगी. चार यंत्रांवर एकच आवृत्ती, तेच फॉन्ट आणि त्या फॉन्टचीही तीच आवृत्ती राखायची, हे अंकाच्या घाईत कुणाच्याच हातून होत नाही.

म्हणून निर्णय असा घ्यायचा : स्क्रायबस, फॉन्ट आणि चित्रं एकाच लिनक्स सर्व्हरवर राहतील. बाकीच्यांच्या ब्राउझरमध्ये फक्त पडद्याचं चित्र जाईल, आणि तिथून कळा व माउसच्या हालचाली परत येतील. पडद्याचं चित्र पाठवणं आज जवळजवळ सुटलेला प्रश्न आहे. मराठी अक्षरं उलट दिशेने, ब्राउझरकडून प्रोग्रामकडे सुखरूप पोचवणं हे यातलं अवघड काम, आणि बहुतेक मार्गदर्शिका त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. या लेखाचा मोठा भाग त्याच कामाबद्दल आहे.

दुसरे रस्ते का सोडले

डेस्कटॉपचा प्रोग्राम ब्राउझरमध्ये आणण्याचा सर्वांत देखणा मार्ग म्हणजे त्याचा मूळ कोड वेबअसेंब्लीत, म्हणजे ब्राउझर थेट चालवू शकतो अशा रूपात, बदलणं. ऑटोकॅड आणि फोटोशॉप याच वाटेने वेबवर आले, पण त्यामागे मोठ्या कंपन्यांच्या अभियंत्यांचं अनेक वर्षांचं काम होतं. स्क्रायबस क्यूटी या चौकटीवर लिहिलेला आहे आणि क्यूटी ५.१३ पासून वेबअसेंब्लीला अधिकृत आधार आहे, त्यामुळे हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात स्क्रायबसला चित्र रेखाटणारं कैरो, फॉन्ट शोधणारं फॉन्टकॉन्फिग, स्क्रिप्टची भाषा पायथन हे सगळं सोबत लागतं. शिवाय ईपीएससारख्या चित्रफायलींसाठी तो घोस्टस्क्रिप्ट हा वेगळा प्रोग्राम हाक मारून चालवतो. ब्राउझरच्या आत असा दुसरा प्रोग्राम सुरू करण्याची सोयच नाही. एका अंकासाठी हा रस्ता धरू नये.

जीटीके या क्यूटीसारख्याच दुसऱ्या चौकटीवरच्या प्रोग्रामांसाठी ब्रॉडवे नावाची सोय आहे, ती थेट ब्राउझरमध्ये खिडकी रेखाटते. स्क्रायबस जीटीकेवर नसल्याने ती इथे लागू नाही. क्यूटीमध्येही व्हीएनसीचा, म्हणजे लांबच्या यंत्राचा पडदा पाहण्या-चालवण्याच्या पद्धतीचा, एक अंगभूत पर्याय आहे, पण तो यंत्रांवरच्या छोट्या पडद्यांसाठी बनवलेला आहे, अशा लांबच्या संपादनासाठी नव्हे. लांबचे पडदे ब्राउझरमध्ये दाखवणारा अपाची ग्वाकामोली हा चांगला पर्याय आहे. प्रत्येकाचं वेगळं खातं, फायलींची ने-आण, सत्राची नोंद हे सगळं त्यात आहे. वीस-पंचवीस जणांची संस्था असेल तर तोच घ्यावा. चौघांसाठी तो जड पडतो.

राहिली ती साधी साखळी : टायगरव्हीएनसीचा एक्सव्हीएनसी, वेबसॉकिफाय, नोव्हीएनसी आणि समोर एनजिनएक्स.

साखळीतला प्रत्येक दुवा काय करतो

एक्सव्हीएनसी हा असा पडदा आहे ज्याला काचच नाही. स्क्रायबसला वाटतं आपण नेहमीच्या एक्स सर्व्हरवर, म्हणजे लिनक्सवर खिडक्या रंगवणाऱ्या व्यवस्थेवर, चाललो आहोत. प्रत्यक्षात चित्र स्मृतीत तयार होतं आणि आरएफबी या नियमावलीनुसार बाहेर दिलं जातं. ही नियमावली केंब्रिजच्या ऑलिव्हेटी संशोधन प्रयोगशाळेतून आली आणि २०११ मध्ये आरएफसी ६१४३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाली. पडदा क्रमांक १ असेल तर पोर्ट (जोडणीचं दार) ५९०१, क्रमांक २ असेल तर ५९०२, असा हिशेब.

ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला साधी टीसीपी (इंटरनेटवरची थेट) जोडणी उघडता येत नाही, वेबसॉकेट ही वेबसाठीची सतत उघडी राहणारी जोडणी उघडता येते. वेबसॉकिफाय या दोन टोकांमध्ये बसून इकडचे बाइट तिकडे देतो. नोव्हीएनसी म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा दर्शक. तो आलेले तुकडे कॅनव्हासवर (वेबपानातल्या चित्रफलकावर) रंगवतो आणि कळा-माउस परत पाठवतो. एनजिनएक्स पुढच्या दारावर एचटीटीपीएस आणि परवलीचा शब्द सांभाळतो.

१९२० गुणिले १०८० च्या पडद्याची एक पूर्ण प्रतिमा दर बिंदूला ४ बाइट धरले तर सुमारे ८३ लाख बाइट भरते. ती दर वेळी पाठवायची असती तर हे प्रकरण इथेच मिटलं असतं. आरएफबीत दर्शक मागतो तेव्हाच सर्व्हर देतो, आणि तेही फक्त बदललेले चौकोन, दाबून. मजकुरात एक अक्षर उमटलं तर त्या ओळीपुरता लहानसा चौकोन जातो. पान उलटलं की मात्र जवळजवळ सगळा पडदा बदलतो आणि मंद इंटरनेटवर तेवढा क्षण जाणवतो.

सर्व्हर आणि बांधणी

दोन कोअर, ४ जीबी रॅम, ४० जीबी डिस्क एवढं या कामाला पुरतं. स्क्रायबस पान कैरोच्या मदतीने प्रोसेसरवरच रेखाटतो, त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही. म्हणूनच तो अशा मांडणीला योग्य आहे. ब्लेंडरसारखा त्रिमितीचा प्रोग्राम याच साखळीवर ठेवला तर तो हताश करेल, कारण एक्सव्हीएनसीमागे सहसा कार्ड नसतं आणि सगळी त्रिमिती प्रोसेसरला सोसावी लागते.

सर्व्हर मुंबई किंवा पुण्यातल्या डेटा सेंटरमध्ये घ्यावा. मुंबई ते न्यूयॉर्क परिसर हे अंतर साडेबारा हजार किलोमीटर आहे. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद तर नुसत्या अंतराचेच झाले. प्रत्यक्ष तार वळणावळणाने जाते, त्यामुळे खरा आकडा याहून बराच जास्त निघतो. न्यू जर्सीच्या संपादकांना टंकताना अक्षर किंचित उशिरा दिसेल, वाचायला आणि पानं चाळायला त्रास नाही. सर्व्हर अमेरिकेत ठेवला तर दिवसभर काम करणाऱ्या पुण्याच्या जुळणीकाराला तो उशीर सोसावा लागेल, आणि ते जास्त वाईट.

डेबियन १३ या लिनक्सवर स्क्रायबसची १.६ मालिका, टायगरव्हीएनसीचा स्वतंत्र सर्व्हर, वेबसॉकिफाय आणि नोव्हीएनसी हे चारही पॅकेज म्हणून मिळतात. त्याशिवाय ओपनबॉक्स, कळफलकाची भाषा सांभाळणारं आयबस आणि मराठी टंकण्याच्या पद्धती देणारं आयबसचं एम-१७-एन हे पॅकेज बसवावं.

ओपनबॉक्स किरकोळ वाटतो आणि पुष्कळजण तो गाळतात. खिडक्या सांभाळणारा प्रोग्रामच नसेल तर स्क्रायबसच्या सगळ्या छोट्या खिडक्या पडद्याच्या डाव्या-वरच्या कोपऱ्यात एकावर एक उघडतात. त्यांना पकडून सरकवायला पट्टी नसते, आणि कळा कुठल्या खिडकीत जातायत ते कळत नाही. गुणधर्मांची खिडकी मुख्य खिडकीमागे गेली की ती परत पुढे आणता येत नाही. प्रोग्राम गोठलाय असं वाटतं, प्रत्यक्षात तो मागच्या खिडकीतल्या उत्तराची वाट बघत असतो.

दुसरी तशीच सुटणारी गोष्ट म्हणजे लोकेल, भाषा आणि अक्षरसंच ठरवणारं सेटिंग. डॉकर म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या सामानासह 'कंटेनर' नावाच्या बंद डब्यात चालवण्याची सोय. त्याच्या डेबियन प्रतिमेत लोकेल पॉझिक्स, म्हणजे इंग्रजी अक्षरांपुरतं, असतं. अशा लोकेलमध्ये क्यूटी ५ ला देवनागरी नावाची फाईल नीट ओळखता येत नाही. 'मुखपृष्ठ' नावाचं चित्र फोल्डरमध्ये असूनही उघडत नाही, किंवा जतन करताना नावाच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. एन्व्हायर्नमेंटमध्ये (प्रोग्राम सुरू होताना वाचतो त्या सेटिंगमध्ये) सी-यूटीएफ-८ हे लोकेल दिलं की हा त्रास संपतो. मराठीचं लोकेल वेगळं तयार करण्याची गरज नाही. टाइमझोन आशिया-कोलकाता द्यावा, नाहीतर आपोआप जतन झालेल्या प्रतींच्या वेळा साडेपाच तास मागे दिसतात आणि शेवटची प्रत कोणती यावर वाद होतात.

फॉन्ट सर्व्हरवर एकदाच बसवायचे. मराठी वळणाचा ल आणि श मुळातच असलेला फॉन्ट घेतला तर भाषेच्या सेटिंगवर अवलंबून राहावं लागत नाही. टिरो देवनागरी मराठी हा त्यासाठीच वेगळा काढलेला मुक्त फॉन्ट आहे. मथळ्यांसाठी मुक्ता (Mukta) किंवा बालू ही फॉन्टची घराणी सोयीची. जुने पैसे देऊन घेतलेले फॉन्ट सर्व्हरवर ठेवण्यापूर्वी त्यांचा परवाना वाचावा. अनेक परवाने एका यंत्रापुरते असतात. फॉन्टच्या फायली टाकल्या की फॉन्टकॉन्फिगचा साठा ताजा करून मगच स्क्रायबस सुरू करायचा. चालू स्क्रायबस नवे फॉन्ट पाहत नाही.

सुरू करण्याचा क्रम असा : आधी एक्सव्हीएनसी, पडदा क्रमांक १, आकार १६०० गुणिले ९००, रंगखोली २४, आणि फक्त लोकलहोस्टवर ऐकण्याचा पर्याय चालू. मग डी-बसचं, म्हणजे प्रोग्रामांना आपसात बोलू देणाऱ्या सोयीचं, सत्र. त्यात ओपनबॉक्स, आयबसचा डीमन (पाठीमागे चालणारा भाग) आणि शेवटी स्क्रायबस. क्यूटीने कळफलकासाठी आयबस वापरावं ही सूचना एन्व्हायर्नमेंटमध्ये स्क्रायबस सुरू होण्याआधी असायला हवी. नंतर दिली तर उपयोग नाही. डी-बसचं सत्र नसेल तर आयबस सुरू झाल्यासारखा दिसतो, पण स्क्रायबसपर्यंत त्याचा हात पोचत नाही. मराठी उमटत नाही अशा तक्रारीत पहिल्यांदा हेच तपासावं. त्यानंतर वेबसॉकिफाय ६०८० वर ऐकेल आणि ५९०१ ला जोडेल.

कळफलक

ब्राउझरमध्ये कळ दाबली की आरएफबीच्या मूळ नियमानुसार नोव्हीएनसी ८ बाइटांचा एक निरोप पाठवतो : निरोपाचा प्रकार, कळ खाली की वर, आणि चार बाइटांत त्या चिन्हाचा क्रमांक. देवनागरी चिन्हांसाठी हा क्रमांक म्हणजे युनिकोडच्या क्रमांकापुढे ०१०० लावलेला. क चा युनिकोड क्रमांक ०९१५, म्हणून पाठवायचा क्रमांक ०१०००९१५. ळ चा ०९३३, म्हणून ०१०००९३३. 'क्षेत्र' या शब्दात युनिकोडची सात चिन्हं आहेत : क, हलन्त, ष, एकार, त, हलन्त, र. प्रत्येकाची कळ खाली आणि वर, असे १४ निरोप, ११२ बाइट. कागदावर हे निर्दोष आहे. अडचणी दोन टोकांना आहेत.

पहिलं टोक सर्व्हरचं. एक्स सर्व्हरला चिन्हं नव्हे, कळांचे क्रमांक समजतात, आणि ते ८ ते २५५ एवढेच असतात. इंग्रजी कळफलकाच्या नकाशात ळ नाहीच. तेव्हा एक्सव्हीएनसी एखादी रिकामी कळ शोधतो, तिच्यावर ळ बसवतो आणि ती दाबल्याचं प्रोग्रामला सांगतो. मराठीत लिहायला स्वर, व्यंजनं, मात्रा, अंक मिळून सत्तरच्या आसपास चिन्हं सहज लागतात. नकाशात तेवढ्या रिकाम्या जागा उरलेल्या नसतील, तर पहिले काही परिच्छेद नीट जातात आणि मग एखादं क्वचित येणारं अक्षर, समजा ढ किंवा ऋ, दाबूनही उमटत नाही. लॉगमध्ये चिन्ह जोडता न आल्याची नोंद दिसते. टंकणाऱ्याला वाटतं कळ बिघडली.

दुसरं टोक ब्राउझरचं. विंडोजवरचा इनस्क्रिप्ट हा साधा कळफलक आहे. कळ दाबली की ब्राउझरला थेट 'क' मिळतो आणि नोव्हीएनसी तो पुढे देतो. पण रोमन अक्षरांतून मराठी बनवणारी जी साधनं आहेत, 'namaskar' टंकून 'नमस्कार' देणारी, ती इनपुट मेथड असतात. ती ब्राउझरला प्रत्येक कळ न देता, शब्द जुळत असल्याची वर्दी आणि शेवटी तयार शब्द देतात, आणि तोही मजकुराच्या चौकटीत. नोव्हीएनसीचा पडदा कॅनव्हास आहे, मजकुराची चौकट नाही. त्यामुळे तयार शब्दाला उतरायला जागाच नसते. मराठी लिहिणाऱ्यांपैकी मोठा वर्ग अशाच साधनाने लिहितो, तेव्हा ही अडचण बाजूला सारता येत नाही. फोन-टॅब्लेटवर नोव्हीएनसी एक अदृश्य चौकट ठेवतो आणि तिच्यातला बदल पाहून तेवढे बॅकस्पेस व नवी अक्षरं पाठवतो. तिथे थोडं बरं चालतं, पण जुळणीचं काम फोनवर कुणी करू नये.

इनस्क्रिप्टवाल्यांनाही दोन खड्डे आहेत. क्ष, ज्ञ, त्र, श्र एका कळीवर असतात, पण ती एक कळ प्रत्यक्षात तीन चिन्हं देते. नोव्हीएनसी एका कळीमागे एकच चिन्ह धरून चालतो, म्हणून ही कळ भरवशाची नाही. क, हलन्त, ष असं सुटं टंकावं. दुसरा खड्डा 'दुसऱ्या', 'सुऱ्या'मधल्या अर्ध्या र चा. तो काहीजण र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह असा लिहितात. ते जोडचिन्ह कंट्रोल-शिफ्टच्या जोडीने येतं, आणि कंट्रोल दाबलेला दिसला की पलीकडचा स्क्रायबस त्याला आज्ञा समजतो. नुक्तावाला ऱ वापरावा. इनस्क्रिप्टवर तो र च्याच कळीवर शिफ्टसह आहे, आणि पुढे शोधा-बदला करतानाही सगळीकडे एकच लेखन राहतं.

या सगळ्यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे मराठीचं रूपांतर सर्व्हरवर करणं. आपल्या यंत्रावर कळफलक इंग्रजीच ठेवायचा. ब्राउझरमधून साधी रोमन अक्षरं जातील, ती नकाशात आधीच आहेत, आणि सर्व्हरवरचा आयबस त्यांचं मराठी करेल. एम-१७-एनमध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्ट, फोनेटिक, आयट्रान्स आणि गमभन या पद्धती आहेत. गमभनची सवय असलेला गमभन घेईल, इनस्क्रिप्टवाला इनस्क्रिप्ट. नकाशातल्या रिकाम्या जागांचा प्रश्न इथे उद्भवतच नाही, आणि क्रोमबुक, मॅक, विंडोज यांच्यातले फरकही निघून जातात.

आयबसमध्ये भाषा बदलण्याची मूळ कळजोडी सुपर-स्पेस असते. विंडोजवर तीच जोडी स्थानिक भाषा बदलते, म्हणजे ती ब्राउझरपर्यंत येतच नाही. आयबसच्या सेटिंगमध्ये ती कंट्रोल-स्पेस करून घ्यावी. मॅकवर कंट्रोल-स्पेस यंत्रणेने अडवलेली असू शकते. तिथे यंत्रणेतली ती कळजोडी बंद करावी. आणि दोन्हीकडे मराठी चालू ठेवू नये. स्थानिक इनस्क्रिप्ट आणि सर्व्हरवर गमभन असं एकदम चालू असलं की काही अक्षरं थेट उतरतात, काही रूपांतरित होतात, आणि चूक कुठे आहे ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

मोठा मजकूर पानावर थेट न टंकता स्क्रायबसच्या स्टोरी एडिटरमध्ये टंकावा. तिथे एक अक्षर टाकल्यावर सगळ्या पानाची पुनर्मांडणी होत नाही, त्यामुळे पडद्याचा लहान तुकडाच बदलतो आणि लांबून काम करणाऱ्यालाही हात मोकळा वाटतो.

कंट्रोल-टी, कंट्रोल-एन आणि कंट्रोल-डब्ल्यू या जोड्या ब्राउझर स्वतःकडे ठेवतो. स्क्रायबसमधली फाईल बंद करायला गेलात तर टॅब बंद होतो. काम जात नाही, कारण प्रोग्राम सर्व्हरवर चालूच राहतो आणि पत्ता पुन्हा उघडला की कर्सर होता तिथेच सापडतो. तरी स्क्रायबसच्या पसंतीत जाऊन या तीन कळजोड्या पहिल्याच दिवशी बदलून टाकाव्यात. अधूनमधून लागणाऱ्या जोड्यांसाठी नोव्हीएनसीच्या डाव्या पट्टीत कंट्रोल, ऑल्ट, टॅब, एस्केप यांची बटणं आहेत.

चिकटवलेला मजकूर

लेखकांचा मजकूर ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर येतो आणि तो कॉपी करून स्क्रायबसमध्ये चिकटवायचा असतो. आरएफबीच्या मूळ नियमावलीत क्लिपबोर्ड लॅटिन-१ या युरोपीय अक्षरसंचापुरता मर्यादित आहे. देवनागरी त्यातून गेली की नुसती प्रश्नचिन्हं उरतात. यावर विस्तारित क्लिपबोर्ड नावाची पुरवणी आली. ती टायगरव्हीएनसी आणि नोव्हीएनसी या दोघांच्याही नव्या आवृत्त्यांत आहे, पण दोन्ही टोकांना असली तरच चालते. एक्स-११-व्हीएनसीसारखा दुसरा सर्व्हर वापरणाऱ्यांचं घोडं बहुधा इथेच अडतं. टायगरव्हीएनसीच्या जुन्या आवृत्त्यांत क्लिपबोर्डसाठी व्हीएनसी-कॉन्फिग हा छोटा प्रोग्राम पाठीमागे चालू ठेवावा लागे.

बांधणी झाल्यावर पहिली परीक्षा हीच घ्यावी : 'दुसऱ्या क्षणी ज्ञानेश्वरीतली ओळ' हे वाक्य नोव्हीएनसीच्या क्लिपबोर्ड पट्टीत टाकायचं आणि स्टोरी एडिटरमध्ये चिकटवायचं. अर्धा र, क्ष, ज्ञ, ळ सगळं एका वाक्यात तपासून होतं.

लांब लेख मात्र क्लिपबोर्डने आणू नयेत. ते ओडीटी किंवा साधी यूटीएफ-८ मजकूर फाईल म्हणून सर्व्हरच्या फोल्डरमध्ये चढवावेत आणि स्क्रायबसच्या मजकूर आयातीने आणावेत. ओडीटीतून आणल्यास तिरपी-ठळक अक्षरं टिकतात.

चित्राचा दर्जा

नोव्हीएनसीत दर्जा ० ते ९ आणि दाब ० ते ९ असे दोन काटे आहेत, मूळ ठेवण ६ आणि २ अशी असते. दर्जा ६ वर चित्र दाबण्याच्या टाईट पद्धतीतली जेपीईजी अक्षरांच्या कडांभोवती करडी धूळ सोडते. इंग्रजी वाचताना ती खपते. मराठीत पूर्ण पान पडद्यावर बसवून पाहिलं की अनुस्वाराचा ठिपका शिरोरेघेवरच्या मात्रेत मिसळतो, आणि 'मी' आहे की 'मीं' हे कळेनासं होतं. संपादन करणाऱ्याने दर्जा ९ ठेवावा. इंटरनेट मंद असेल तर दर्जा उतरवण्यापेक्षा पडदा १३६६ गुणिले ७६८ करावा. १६०० गुणिले ९०० च्या मानाने बिंदू सुमारे एक-चतुर्थांशाने कमी होतात आणि अक्षरं स्वच्छ राहतात.

आकाराच्या सेटिंगमध्ये 'सर्व्हरचा आकार बदला' हा पर्याय फक्त जुळणीकाराने घ्यावा, बाकीच्यांनी 'इथेच लहान-मोठं करा' घ्यावा. दोघांनी पहिला पर्याय घेतला तर ज्याची खिडकी शेवटी हलली त्याचा आकार सगळ्यांवर लादला जातो आणि पान सतत उड्या मारतं.

एवढं करूनही मुद्रितशोधन या पडद्यावर करू नये. शोधकाला पीडीएफच द्यावी. ती त्यांच्या यंत्रावर पूर्ण धारदार दिसते, छापूनही काढता येते. या मांडणीत शोधकाचं काम दुरुस्त्या घालतानाचं आहे : जुळणीकार एकेक दुरुस्ती घालतोय आणि शोधक फक्त-पाहण्याच्या परवलीने तेच पान समोर उघडून फोनवर होकार देतोय. वही जुळवून पुन्हा नवी पीडीएफ मागवण्याची फेरी यात वाचते. रंगाचा निर्णयही इथून घ्यायचा नाही. चौरंगी मुखपृष्ठाचा नमुना छापखान्याकडूनच मागवावा.

मध्येच तुटणारी जोडणी

यातला सर्वांत फसवा दोष म्हणजे 'कधीकधी आपोआप तुटतं'. एनजिनएक्समध्ये मागच्या सर्व्हरकडून ६० सेकंद काहीच आलं नाही तर जोडणी तोडण्याचा मूळ नियम आहे. कर्सर मजकुरात लुकलुकत असेल तोवर पडद्याचे बारीक तुकडे येत राहतात आणि काही तुटत नाही. संपादक कर्सर बाहेर काढून शांतपणे पान वाचत बसले की एका मिनिटात जोडणी जाते. त्यामुळे टंकणाऱ्याची कधीच तक्रार नसते, वाचणाऱ्याची रोज असते, आणि सगळे नाशिकच्या इंटरनेटला दोष देतात. वाट पाहण्याची मुदत ३६०० सेकंद करावी आणि वेबसॉकिफायला दर ३० सेकंदांनी ठोका पाठवायला सांगावं.

जोडणी मुळीच होत नसेल, पान दिसतं पण पडदा येत नाही, तर एनजिनएक्समध्ये एचटीटीपी १.१ आणि अपग्रेड व कनेक्शन हे दोन मथळे (हेडर) पुढे जातायत का पाहावं. ते नसले तर वेबसॉकेट बनतच नाही. नोव्हीएनसी उपफोल्डरमध्ये ठेवला असेल तर वेबसॉकेटचा मार्गही त्याच्या सेटिंगमध्ये तसा द्यावा.

दार आणि कुलूप

व्हीएनसीची पारंपरिक परवली पहिली आठच अक्षरं मोजते. नववं अक्षर असलं काय, नसलं काय. म्हणून तिच्यावर विसंबायचं नाही. ५९०१ आणि ६०८० ही दोन्ही पोर्ट बाहेरून बंद, ब्राउझरसाठी उघडं फक्त ४४३, त्यावर एचटीटीपीएससाठी लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र आणि एनजिनएक्सची लांब परवली. एचटीटीपीएस नसेल तर ब्राउझर क्लिपबोर्डला हात लावू देत नाही, तेव्हा ते सोयीसाठीही हवंच. टायगरव्हीएनसीत फक्त पाहण्याची दुसरी परवली ठेवता येते. नोव्हीएनसीच्या पट्टीतला 'फक्त पाहा' हा खटका ब्राउझरच्या बाजूचा आहे, तो कुणीही काढू शकतो.

स्क्रायबसमध्ये पायथनची स्क्रिप्ट चालवण्याची सोय आहे. याचा अर्थ, ज्याच्या हाती हा पडदा त्याच्या हाती त्या लिनक्स खात्याचे सगळे अधिकार. ते खातं स्वतंत्र असावं, त्याला सुडो (प्रशासकाचा अधिकार) नसावा, आणि अंकाच्या फोल्डरापलीकडे त्याला काही दिसू नये. कंटेनरमध्ये ठेवलं तर उत्तम, फक्त अंकाचं फोल्डर कंटेनरबाहेर असावं. नाहीतर कंटेनर नव्याने उभारताना काम त्याच्यासोबत जाईल.

फायली आणि छपाई

नवख्याला हमखास चकवणारी गोष्ट : स्क्रायबसमधलं 'उघडा' आपल्या यंत्रावरचं फोल्डर दाखवत नाही, सर्व्हरवरचं दाखवतं. चित्रं आधी तिकडे पोचवावी लागतात. जुळणीकाराने एसएफटीपी (फायलींची सुरक्षित ने-आण) वापरावं, बाकीच्यांसाठी त्याच परवलीमागे एक वेबडॅव्ह फोल्डर, म्हणजे वेबवरून फायली चढवता येणारं फोल्डर, पुरेसं आहे. पीडीएफही सर्व्हरवरच तयार होते आणि तिथून उतरवून घ्यायची असते. ब्राउझरचं कंट्रोल-पी वापरून काही छापायला जाऊ नये.

आपोआप जतन दर ५ मिनिटांनी ठेवावं. स्क्रायबस कोसळला तर पाहणाऱ्याला ओपनबॉक्सचा नुसता रिकामा पडदा दिसतो, म्हणून ओपनबॉक्सच्या उजव्या-क्लिक यादीत स्क्रायबस सुरू करण्याची नोंद घालून ठेवावी आणि चौघांनाही ती दाखवून ठेवावी. अंकाचं फोल्डर दर रात्री दुसऱ्या यंत्रावर उतरवावं.

एकाच पडद्यावर माउस एकच असतो. दोघांनी एकदम हलवला की दोघांचंही काम बिघडतं. संपादनाची परवली दोघांकडे द्यायची असेल तर फोनवर 'आता माझ्याकडे' असं बोलून घ्यावं. दोन वेगळे विभाग खरोखर समांतर करायचे असतील तर दुसरा पडदा ५९०२ वर उभारावा आणि प्रत्येक विभागाची स्क्रायबस फाईल वेगळी ठेवावी. एकच फाईल दोन पडद्यांवर उघडली तर शेवटी जतन करणाऱ्याचं काम टिकतं, दुसऱ्याचं पुसतं.

शेवटची पीडीएफ छापखान्याने सांगितलेल्या पीडीएफ-एक्स या छपाईसाठीच्या प्रकारात काढल्यावर, त्याच फोल्डरात 'छपाईसाठी गोळा करा' ही आज्ञा फॉन्टसह चालवावी. फाईल, चित्रं आणि फॉन्ट एकत्र येतात. त्यासोबत कंटेनरची प्रतिमाही जतन करावी, म्हणजे अंकातली एखादी कथा पुढच्या वर्षी पुस्तकासाठी मागितली गेली तर तीच आवृत्ती त्याच फॉन्टनिशी उघडेल आणि ओळी होत्या तिथेच तुटतील. सर्व्हर बंद करण्यापूर्वी ही जमवलेली प्रत एखाद्या दुसऱ्या यंत्रावर प्रत्यक्ष उघडून पाहावी.